तुम्ही विचारलंत म्हणून : थोरलीला आयटीआयला का घातलं?

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या ओट्यासमोर चपलांची गर्दी असते. गुणपत्रिकेची झेरॉक्स, आधार कार्ड, जातीचा दाखला असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईबाप येतात. “बाई, आता ह्याला कुठं घालू?” हा पहिला प्रश्न. चहा होतो, बोलणं होतं. उठता उठता, उंबऱ्यात पायात चप्पल सरकवताना दुसरा प्रश्न येतो. “राग मानू नका बाई, पण तुमच्या थोरलीला ८८ टक्के होते म्हणं. मग तिला आयटीआयला का घातलंत?”

ती दहावी झाली २०१६ साली. तेव्हापासून एकही जून या प्रश्नावाचून गेलेला नाही. “तिला आवड होती,” एवढं बोलून मी आजवर वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं एका मुलाचं आहे. तो माझ्या पोटचा नाही, वर्गातला. त्याच्याबद्दल बोलायचं मी इतकी वर्षं टाळलं.

आमचा माण तालुका सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला. पाऊस सह्याद्रीवर रिता होतो, आमच्याकडं येतात ते कोरडे ढग. शेतीचा भरवसा नाही म्हणून इथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडला. कुणी मुंबईला माथाडीत गेला, कुणी भरतीला, कुणी गलईला. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम म्हणजे गलई. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातली माणसं भारतभर शहराशहरांत ही दुकानं मांडून बसलीत. आणि काही जण शिकून साहेब झाले. इतके झाले, की माणला अधिकाऱ्यांचा तालुका म्हणायला लागले. मलाही त्याचा अभिमान आहे. पण तोच अभिमान दहावीतल्या पोराच्या मानेवर बसतो. चांगले मार्क पडले की ते पोर आपल्या आईबापाचं राहत नाही, सगळ्या गावाचं होतं, आणि गाव ठरवतं.

तो मुलगा २०११ साली आमच्या शाळेत पहिला आला. ९१ टक्के. त्याचे आजोबा गवंडी. सुट्टीत हा त्यांच्या हाताखाली जायचा. नववीत होता तेव्हा शाळेच्या कुंपणाची भिंत बांधायचं काम चालू होतं. मधल्या सुट्टीत हा तिथं जाऊन उभा राहिला आणि गवंड्याला म्हणाला, “मामा, कोपऱ्याला भिंत बाहेर निघालीया.” गवंडी चिडला. यानं त्याच्याच पाटीतला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीला बांधलेला गुंडा, उचलला आणि सोडून दाखवला. अर्धा इंच भिंत खरंच सुटलेली होती. मी पाच पावलांवर होते. पोराच्या पाठीवर थाप मारली, तासाची घंटा झाली म्हणून त्याला वर्गात पिटाळलं आणि विसरून गेले.

निकालानंतर त्याचे वडील पेढे घेऊन आले. “बाई, तुमीच सांगा.” मी एका वाक्यात सांगून टाकलं, “सायन्सला घाला, डॉक्टर होईल.” मुलगा दाराला टेकून उभा होता. मी त्याच्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही. विज्ञान शिकवणारी बाई मी. पोराला काय येतं हे डोळ्यांनी बघितलेलं असूनही माझ्या डोळ्यांपुढं फक्त कागद होता.

त्याला लातूरला ठेवलं. लातूर पॅटर्नचं नाव आमच्याकडं पंढरीसारखं घेतलं जातं. वडिलांनी म्हैस विकली, पतसंस्थेचं कर्ज काढलं. तो बारावी झाला त्याच वर्षी, २०१३ ला, देशात पहिल्यांदा नीट झाली. जुलैत ती सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवली, आणि पुढच्या वर्षी मेडिकलसाठी पुन्हा राज्याची सीईटी आली. २०१६ ला परत नीट. त्या घालमेलीत ग्रामीण भागातल्या किती पोरांची वर्षं गेली याचा हिशेब कुणी मांडला नाही. यानं एकदा नीट दिली, वर्षभर थांबून एकदा सीईटी दिली. दोन्ही वेळेला खूप मागं राहिला. परीक्षा बदलली हे निम्मं कारण. निम्मं असं, की जीवशास्त्र त्याला कधीच भावलं नव्हतं. हे मला त्याच्या आईनं सांगितलं, तेही २०१५ मध्ये. तोवर तो गावात परत आला होता, पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावत होता, आणि मी समोरून येताना दिसले की गल्ली बदलत होता. २०१६ च्या जानेवारीत तो चुलत्याबरोबर तमिळनाडूला गलईच्या दुकानात गेला. गलई हा कमी प्रतीचा धंदा नव्हे, त्यावर आमच्या भागातली कितीतरी घरं उभी आहेत. पण तिकडं जायला ९१ टक्के, पाच वर्षं आणि बापाची म्हैस लागत नाही.

माझ्या माहेरीही हेच झालं होतं. धाकटा भाऊ २००९ ला डी.एड. झाला. तेव्हा जो तो डी.एड. करत होता, गावोगाव कॉलेजं निघाली होती, कारण आधीच्या चार वर्षांत डी.एड. झालेल्यांना नोकऱ्या लागलेल्या लोकांनी पाहिल्या होत्या. २०१० नंतर मोठी भरती झालीच नाही, २०१२ ला तर शिक्षकभरतीवर बंदी आली. भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये. तोवर भावाचं लग्न, दोन मुलं आणि दुधाचं संकलन केंद्र झालं होतं. आपल्याकडं करिअर निवडायचं म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्याचं भलं झालं त्याच्या पावलावर पाऊल टाकायचं. तोवर वाट बुजून गेलेली असते.

२०१४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पाबळला जाऊन आले. शिरूर तालुक्यातलं हे गाव आमच्यासारखंच पाण्याला महाग. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, हिंदुस्थान लीव्हरमध्ये संशोधन केलेला हा माणूस मुद्दाम अशा कोरड्या गावात येऊन राहिला, आणि २००३ साली जाईपर्यंत तिथलाच झाला. त्यांच्या प्रयत्नांतून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय शाळांत आला. आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचा. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, स्वयंपाक आणि आरोग्य. नुसतं करून बघायचं नाही, गावाला लागणारं काम करून द्यायचं. तिथून परतताना शिक्रापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसले होते. एकच गोष्ट मनात घोळत होती. आमच्या शाळेत मुलाला काय येतं हे कळायची सोयच नाही. पेपरात विचारतात तेवढंच त्याला येतं असं आम्ही धरून चाललोय. ओळंब्याला आमच्या गुणपत्रिकेत रकाना नव्हता.

आता थोरलीकडं येते.

२०१५ चा उन्हाळा. चार एकरांतली दीड एकर डाळिंबाची बाग, विहिरीत जेमतेम दोन परस पाणी, आणि शेतीची लाइट रात्री साडेअकराला. नवरा पाणी धरायला निघाला की ही बॅटरी घेऊन मागं. त्या रात्री मीही गेले होते. स्टार्टर दाबला तर मोटर नुसती घुमायला लागली, फिरेना. नवरा परत परत बटण दाबतोय. ही ओरडली, “पप्पा, बंद करा आधी! एक फेज येत नाही, जळंल ती!” वायरमन दोन दिवस येणार नव्हता. तिनं टेस्ट लॅम्प लावून बघितलं. स्टार्टरला येणाऱ्या तिन्ही तारांत करंट, मोटरकडं जाणाऱ्या दोनच तारांत. मग वरून मेन पाडायला लावला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले, आणि मग स्टार्टर उघडला. एका पॉइंटवर काजळी धरली होती. पॉलिश पेपरनं घासली, झाकण लावलं, फ्यूज बसवले. मोटर फिरली. पाइपातून पाण्याचा आवाज आला तेव्हा ती चिखलात बसून बॅटरीच्या उजेडात हात पुसत होती.

मोटर चालू झाली याचं मला फार वाटलं नाही. फ्यूज खिशात घातले ते मनात राहिलं. दुसऱ्या कुणी चुकून बसवू नयेत म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओळंबा बघितला तेव्हा मी चुकले होते. आता पुन्हा तीच चूक घरात केली असती तर त्या पोराला कधी तोंड दाखवता आलं नसतं.

निकाल लागल्यावर मी तिला विचारलं. घरात कुणी नव्हतं तेव्हा, कारण चारचौघांत मुलं आपल्याला हवं तेच बोलतात. ती म्हणाली, “आई, मला मोटरचं शिकायचंय. अकरावी नको.” मी तिला दोन दिवस दिले, पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मग फॉर्म भरला. पहिल्या तिन्ही विकल्पांत एकच ट्रेड, इलेक्ट्रिशियन. आयटीआय म्हणजे नापासांची जागा, असं समजणाऱ्यांना एवढंच सांगते, की सरकारी आयटीआयत प्रवेश दहावीच्या गुणांवर लागतो आणि इलेक्ट्रिशियनच्या जागा पहिल्या फेऱ्यांतच चांगल्या टक्क्यांवर भरतात. मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, पण तिच्या तुकडीत मुली दोनच होत्या.

लोक काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यातलेच काही बोलले. “आवं बाई, एवढं मार्क पडल्यात पोरीला, आन् तुमी तिला खांबावर चढवाय निघालाय व्हय?” आमच्या आत्याबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना स्थळाची काळजी. माझी काळजी निराळी होती, ती मी कुणाला सांगितली नाही. गावात डीपीवर काम करताना गेलेला माणूस मी बघितलेला आहे. रात्री झोपेतून उठून मी तिच्याकडं बघायचे.

पहिले काही आठवडे तिला तारेला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसतं फायलिंग. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासायचा, गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून उजेडाकडं धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. हाताला फोड आले. मला वाटलं कंटाळेल. ती एके दिवशी तो तुकडा घरी घेऊन आली आणि गुण्याला लावून माझ्या डोळ्यांसमोर धरला. “बघ आई, उजेड दिसतो का?” पुढं तारांचे जोड, जिन्याचं वायरिंग, मोटरचं वाइंडिंग, अर्थिंग. आणि एक गोष्ट तिच्या निदेशकांनी अशी पक्की भिनवली, की ती आजही घरातला बल्ब बदलताना करते. वीज बंद आहे असं कुणी सांगितलं तरी स्वतः तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यानंतर माझी झोप सुधारली.

“मग शिक्षण तिथंच थांबलं की,” असंही तुम्ही विचारता. थांबलं नाही. दोन वर्षांनी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळालं, मग चाकणच्या एका कंपनीत वर्षभर शिकाऊ उमेदवारी, विद्यावेतनासकट. मग पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, हे अजून निम्म्या पालकांना ठाऊक नसतं. तिनं डिप्लोमा २०२१ ला पुरा केला. त्यातला बराचसा लॉकडाऊनमध्ये, डाळिंबाच्या बांधावर मोबाइलला रेंज शोधत. इंजिनिअरिंगला मात्र नको म्हणाली.

आता ती सौर पंप बसवणाऱ्या एका कंपनीचं दुरुस्तीचं काम बघते, माण आणि खटावमध्ये. कुसुम योजना आली, मग २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आली. शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. आमच्या माळावर जिकडं बघाल तिकडं निळे पत्रे. पंप बसवून गेलेले लोक परत येत नाहीत ही सगळ्यांची तक्रार, आणि तिथंच तिचं काम आहे. ती शेतकऱ्यांना पहिल्यांदा एक गोष्ट सांगते. मेन स्विच पाडला म्हणून पॅनेल मरत नाही. ऊन आहे तोवर त्या तारेत करंट आहे. म्हाताऱ्या माणसांना ती हे ‘सूर्याला बटण नाही’ असं समजावते, ते त्यांना पटतं. पगार सांगण्यासारखा मोठा नाही, एकदा तर तीन महिने उशिरा झाला. दोन स्थळं आली आणि “काम सोडंल का?” असं विचारून गेली. हेही सांगायला हवं, नाहीतर माझं उत्तर जाहिरातीसारखं होईल. पण रात्री नऊला कुणा शेतकऱ्याचा फोन येतो, “ताई, पंप बंद पडलाय, बाग वाळायला लागली,” तेव्हा तिच्या आवाजात जो नेम असतो तो मी गुणपत्रिकेवर कधी बघितला नव्हता.

एक विनंती करते. माझं उत्तर उचलून तुमच्या पोराला लावू नका. २०२२ ला आमच्या वर्गातल्या अकरा जणांनी आयटीआय भरला. का, तर बाईंची पोरगी चांगली निघाली. त्यातले तिघं वर्षाच्या आत घरी आले. एकाला नुसता स्पॅनर बघून कंटाळा यायचा, त्याचा जीव शेरडांत होता. म्हणजे कळप तोच, फक्त वळला. सायन्सला माझा विरोध नाही. त्याच वर्गातल्या एका मुलीला मीच सायन्सला पाठवलं, ती आज मिरजेला एमबीबीएसला आहे, कारण आठवीपासून ती गावातल्या नर्सताईंच्या मागं मागं लसीकरणाला हिंडायची.

म्हणून आता माझ्याकडं कुणी आलं की मी गुणपत्रिकेची पिशवी आधी बाजूला ठेवायला सांगते. आईबापांना चहा देते आणि पोराला मागच्या अंगणात नेते. त्याला एकच विचारते, “तुझ्या घरात असं कोणतं काम आहे जे तुझ्यावाचून अडतं?” बहुतेक मुलं आधी गप्प बसतात. कुणी त्यांना असं विचारलेलं नसतं. मग हळूहळू येतं. एक मुलगी आईच्या बचत गटाचं सगळं खातं लिहायची, बँकेतल्या साहेबाची चूक तिनं दोनदा काढली होती. ती कॉमर्सला गेली. शेरडांत जीव असलेल्या पोरानं रात्री-अपरात्री व्यालेल्या शेळ्या एकट्यानं सोडवलेल्या होत्या. त्याच्यासाठी मी राहुरीच्या विद्यापीठाच्या दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या कृषी पदविकेची माहिती काढली, मराठीतून असते ती. एका मुलाला काहीच सांगता आलं नाही, रडायला लागला. घरात त्याला कुणी कशाला हातच लावू देत नव्हतं, नुसता अभ्यास. त्याच्यापुढं मला काही सुचलं नाही. “सुट्टीभर वडिलांच्या गॅरेजात बस, मग ये,” एवढंच म्हणाले.

पैशांचं म्हणाल तर मुलींच्या बाबतीत एक सबब कमी झाली. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. पण खोलीभाडं, मेस आणि सकाळी सातची एसटी वेळेवर येणं, हे त्या निर्णयात नाही. गावातल्या पोरींचं शिक्षण सुटतं ते बहुधा याच तीन ठिकाणी. त्यावर बोलायला ग्रामसभेत या. मी असते.

गेल्या मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला तो गलईवाला मुलगा गावी आला होता. तीस वर्षांचा झालाय. जुनं घर पाडून नवं बांधायला काढलंय असं कळलं होतं. या वेळी त्यानं गल्ली बदलली नाही. “बाई, घर बघायला चला,” म्हणाला. गवंडी लावला नव्हता. तीन महिन्यांची सुट्टी काढून बायकोला आणि धाकट्या भावाला हाताशी घेऊन तो स्वतः बांधत होता. कोपऱ्यात आजोबांची पाटी, थापी, रंधा. मी त्याला काहीतरी सांगायला गेले, २०११ सालचं. त्यानं ते पुरतं बोलू दिलं नाही. ओळंबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “कोपऱ्याला सोडून बघा, बाई.”

मी शिडीवर दोन पायऱ्या चढले, दोरी सोडली. गुंडा हलायचा थांबेपर्यंत दोघंही गप्प होतो. मग मी वरपासून खालपर्यंत बघितलं. दोरी आणि भिंत यांच्यात सगळीकडं सारखंच अंतर होतं.